पाणी कुठे जाईल?
कृष्णाकाठची पूरचिंता आणि बांधांचा भरवसा

श्रावणातल्या एखाद्या सकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर नेहमीपेक्षा जास्त माणसे थांबलेली दिसली, की शहराच्या मनात काय चालले आहे ते निराळे विचारावे लागत नाही. कुणी दूध घेऊन घरी निघालेला असतो, कुणी दुकान उघडायला, कुणी देवदर्शन करून परतत असतो. सगळ्यांची नजर मात्र पुलाच्या खांबावर रंगवलेल्या फुटांच्या आकड्यांवर खिळलेली असते. ‘रात्रीपासून किती चढले?’ ‘कोयनेतून किती सोडले?’ ‘वारणेचे काय?’ असे तुटक प्रश्न विचारले जातात आणि तितकीच तुटक उत्तरे मिळतात. अनोळखी माणसेही त्या घटकेला एकमेकांशी घरच्यासारखी बोलतात.

१९२९ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल आज शहराचा पूरमापकही आहे. येथे पाणी ४० फुटांवर गेले की ती इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी. सरकारी नोंदीत हे दोनच आकडे ठळक असतात. नदीकाठच्या कुटुंबांना मात्र फुटाफुटाचा हिशेब पाठ असतो. इशारा पातळी गाठण्याच्या आधीच दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉट या सखल वस्त्यांत सामानाची बांधाबांध सुरू होते. आणखी काही फूट चढले की कोणता रस्ता बंद होणार, कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येणार, आपल्या घराची कितवी पायरी बुडणार, हे तेथील आजीबाई न चुकता सांगतात. धान्याची पोती माळ्यावर जातात. घराचे उतारे, मुलांचे दाखले आणि दागिने एका पिशवीत बांधले जातात. गोठ्यातली जनावरे माळावरच्या नातेवाइकांकडे पाठवली जातात. एवढे झाल्यावर उरते ते पाण्याकडे पाहत बसणे. खरी कसोटी याच वेळी लागते.

नद्यांचा मेळा

कृष्णेचे पाणी सांगलीत का तुंबते, हे समजून घ्यायचे तर नकाशावर थोडे वर आणि थोडे खाली पाहावे लागते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते. सांगलीला लागूनच हरिपूर येथे वारणा तिला मिळते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येते आणि राज्याची सीमा ओलांडण्याच्या सुमारास दूधगंगाही मिसळते. सह्याद्रीच्या एकाच रांगेवर एकाच वेळी कोसळलेला पाऊस असा चार वाटांनी थोड्याशा अंतरात एकत्र येतो. त्यातच या भागात नदीला उतार फार थोडा आहे. पुढे पंचगंगा भरून आलेली असली, तर मागच्या कृष्णेला आपले पाणी पुढे ढकलता येत नाही. हरिपुराजवळ वारणा फुगलेली असली, तर सांगलीजवळचे पाणी जागच्या जागी चढू लागते. यालाच काठावरची माणसे फुगवटा म्हणतात.

या प्रदेशातल्या जुन्या पिढ्यांनी नदीचे चढणे ही वर्षाची रीत मानली होती. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून ते पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविकांची गर्दी लोटते. वारणाकाठची समडोळी, कवठेपिरान, दुधगाव ही गावे आणि पंचगंगा-कृष्णेच्या काठचा शिरोळ तालुका हा शेती करणाऱ्या जैन समाजाचाही जुना मुलूख. येथील शेतकऱ्याला ठाऊक असते, की पुराने आणून टाकलेल्या गाळामुळेच आपली मळीची जमीन कसदार झाली. नदी वर्षातून काही दिवस शेतात येणार, हे त्याने गृहीत धरले होते आणि राहते घर शक्यतो उंचावर बांधले होते. पाणी शेतात येण्याचे भय त्याला नव्हते. ते घरात येऊ लागले, तेव्हापासून चिंता सुरू झाली.

तीन पूर

२००५ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. एवढा पूर पुन्हा आपल्या हयातीत यायचा नाही, असे अनेकांनी एकमेकांना सांगितले. चौदाच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. त्याच दिवसांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ, जिथे ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी आहे, पाणी ५५ फुटांवर चढले. पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित ठिकाणी नेणारी नाव उलटली आणि त्यात स्त्रिया व मुलांसह अनेकांचा अंत झाला. त्या जखमा भरल्या नाहीत तोच जुलै २०२१ मध्ये सांगलीत पाण्याने पुन्हा ५४ फूट ओलांडले आणि कोल्हापुरात तर २०१९ ची पातळीही मागे टाकली.

या पुरांनी केलेल्या हानीत हरिपूर परिसरातील पेवांची कथा मनाला चटका लावणारी आहे. नदीकाठच्या त्या विशिष्ट मातीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. पेवातली हळद वर्षानुवर्षे टिके. तिला कीड लागत नसे आणि मातीतून ओलही शिरत नसे. सांगलीच्या हळद व्यापाराचा तो मोठा आधार होता. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि साठवलेला माल जागेवरच कुजला. त्यानंतर व्यापाऱ्यांचा पेवावरचा विश्वास उडाला आणि माल शीतगृहांकडे वळला. एका पुराने एक जुने ज्ञान असे जवळजवळ निकामी केले.

‘बांध का घालत नाहीत?’

एवढे सोसल्यावर प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला जातो. नदीच्या दोन्ही काठांनी उंच, भक्कम बांध का घालत नाहीत? भिंत उभी केली की पाणी आत येणार नाही, शहर वाचेल, हे उत्तर सोपे आणि मनाला धीर देणारे आहे. जगात अनेक ठिकाणी ते अमलातही आणले गेले. त्यामुळे तेथे पुढे काय झाले, हे कृष्णाकाठाने जाणून घेणे हिताचे आहे.

बांध पाणी नाहीसे करीत नाही. मोकळी नदी पुराच्या वेळी दोन्ही बाजूंना कोस-दोन कोस पसरते आणि पसरल्यामुळेच तिची उंची मर्यादेत राहते. बांधांच्या मधोमध कोंडलेली नदी पसरू शकत नाही, म्हणून ती उंच होते आणि वेगाने पुढे जाते. ज्या गाळाने शेते पोसली असती, तो गाळ बांधांच्या आतच साचतो आणि नदीचा तळ वर येऊ लागतो. मग बांध अजून उंच करावा लागतो. दुसरी अडचण आतल्या बाजूची. शहरात पडलेल्या पावसाचे पाणी एरवी नाल्यांनी नदीत जाते. नदी चढलेली असताना त्या वाटा बंद होतात आणि बांधामागचे शहर स्वतःच्याच पाण्यात बुडू लागते.

बांध फुटतो तोही नेहमी वरून पाणी गेल्यामुळे नव्हे. पुष्कळदा पाणी बांधाच्या पायाखालून झिरपत पलीकडे निघते. कोरड्या बाजूला जमिनीतून झरा फुटतो आणि त्या पाण्याबरोबर वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागते. रात्री कंदील घेऊन बांधावर पहारा करणारी माणसे जगभर याच खुणेचा शोध घेत आली आहेत. नुसते स्वच्छ पाणी झिरपत असेल, तर लक्ष ठेवून भागते. पाणी गढूळ येऊ लागले, तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे असे समजायचे. मग त्या झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचतात. झरा बुजवीत नाहीत. कड्याच्या आत पाणी साचून वर चढले की त्याचा भार खालून येणाऱ्या पाण्याला तोलून धरतो आणि माती वाहून जाणे थांबते.

कोसीचा धडा

बांधांवर सर्वाधिक भरवसा आपल्या देशात बिहारने ठेवला. हिमालयातून अमाप गाळ आणणारी कोसी नदी सुमारे अडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकली होती. तिला जागच्या जागी बांधून ठेवावे, या हेतूने १९५४ साली भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी बांधांचे काम सुरू झाले. गावोगावचे लोक श्रमदानासाठी टोपल्या घेऊन आले. तो काळ राष्ट्रउभारणीच्या उत्साहाचा होता आणि हेतूही शुद्ध होता.

पुढचा हिशेब मात्र उलटा निघाला. १९५२ साली बिहारमधल्या सर्व नद्यांवर मिळून जेमतेम १६० किलोमीटर बांध होते. चार दशकांत ते ३,४०० किलोमीटरच्या वर गेले. याच काळात राज्यातील पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाख हेक्टरांच्या पुढे पोहोचले. कोसीच्या दोन बांधांच्या मधोमध साडेतीनशेहून अधिक गावे अडकली. बाहेरच्यांना वाचवण्यासाठी ती दरवर्षी बुडतात.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसाहा येथे कोसीचा पूर्वेकडचा बांध फुटला. बांध साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलण्यासाठी उभारलेला होता. त्या दिवशी नदीत त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पाणी होते. महापूर नसतानाही देखभालीअभावी कमकुवत झालेला बांध गेला. नदी आपल्या जुन्या, विसरल्या गेलेल्या वाटेने धावली. ज्या जिल्ह्यांनी दोन पिढ्या पूर पाहिला नव्हता, तेथील तीस लाखांहून अधिक लोकांना तिने गाठले. त्यांच्याकडे ना नावा होत्या, ना उंचावर बांधलेली घरे, ना पाण्यात जगण्याची सवय. बांध आहे म्हणून त्यांनी नदीकडे पाहणेच सोडून दिले होते.

कुणाचे घर, कुणाचे पाणी

अमेरिकेतील मिसिसिपी नदीची कथा याहून अवघड प्रश्न पुढे ठेवते. तेथील अभियंत्यांचे धोरण दीर्घकाळ असे होते, की केवळ बांधांनीच नदी आवरता येईल. तिला वळणवाटा देण्याची गरज नाही. १९२७ च्या वसंतात पाणी चढतच राहिले. हजारो मजूर, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, बांधांवर रात्रंदिवस पोती रचत होते. २१ एप्रिलला माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला आणि पाणी अफाट प्रदेशावर पसरले.

खाली समुद्राजवळच्या न्यू ऑर्लिन्स शहरात घबराट होती. तेथील धनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी निर्णय घेतला, की शहराच्या खालच्या बाजूला कार्नार्व्हन येथे सुरुंग लावून बांध उडवायचा, म्हणजे पाणी तिकडून निघून जाईल आणि शहरावरचा भार हलका होईल. २९ एप्रिलला तसे करण्यात आले. त्या बाजूच्या गरीब मच्छीमारांना आणि शिकाऱ्यांना आधी घराबाहेर काढण्यात आले आणि पूर्ण भरपाईचे वचन देण्यात आले. हाती पडली ती अत्यल्प. पुढे हेही उघड झाले, की वरच्या भागात बांध आधीच फुटल्याने पाणी ओसरणारच होते. तो सुरुंग लावला नसता तरी शहर वाचले असते. पुढच्याच वर्षी अमेरिकेने केवळ बांधांवर विसंबण्याचे धोरण सोडले आणि नदीला ठरावीक ठिकाणी पसरू देणाऱ्या वाटा राखण्याचा कायदा केला.

ही दूरची गोष्ट वाचून कृष्णाकाठच्या माणसाने पुलावरून पलीकडच्या काठाकडे पाहावे. तेथे सांगलवाडी आहे. सांगलीच्या बाजूने उंच भिंत उभी राहिली, तर इकडे न शिरलेले पाणी कुठे जाईल? सांगलवाडीत. दोन्ही बाजूंना भिंती झाल्या, तर? पुढे हरिपूर, अंकली आणि शिरोळच्या गावांकडे, आणि तेथे वाट मिळाली नाही तर पुन्हा मागे. एखाद्याने आपल्या अंगणात भराव घालून जमीन दोन फूट उंच केली, की शेजाऱ्याच्या अंगणात तळे होते. नगराचा आणि राज्यांचा व्यवहारही याहून निराळा नाही.

कर्नाटकातील अलमट्टी धरणावरून चालू असलेला वाद या प्रश्नाचेच मोठे रूप आहे. ५१९.६ मीटर उंचीपर्यंत साठा करणारे हे धरण ५२४.२५६ मीटरपर्यंत भरण्याची कर्नाटकाची इच्छा आहे आणि त्याचा फुगवटा आपल्यापर्यंत येईल, ही सांगली-कोल्हापूरची भीती आहे. २०१९ नंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. असाधारण पाऊस आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. काठावरच्या अनेकांना आणि काही अभ्यासकांना हा निष्कर्ष मान्य नाही. वाद चालू राहील. मात्र वरच्याने पाणी कधी सोडायचे आणि खालच्याने कधी वाट मोकळी करायची, हे एकमेकांना वेळेवर सांगितल्याशिवाय दोघांनाही निभाव नाही, याबद्दल दुमत नसावे.

दोन रेषांचा अर्थ

नदीला जागा द्यावी, हा विचार आता जगभर स्वीकारला जात आहे. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या आणि शतकानुशतके बांधांच्या आधारे जगणाऱ्या नेदरलँड्सनेही हा मार्ग धरला. १९९५ साली तेथे नद्या इतक्या चढल्या, की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्या देशाने तीसहून अधिक ठिकाणी नद्यांना पसरण्यास जागा मोकळी करून दिली. नायमेखेन शहरासमोर तर बांध ३५० मीटर मागे घेतला, नदीसाठी नवा प्रवाह खणला आणि त्यासाठी सुमारे पन्नास घरे हलवली. ते सोपे नव्हते. ज्यांची घरे गेली, त्यांना दुःख झालेच.

आपल्याकडेही नदीच्या जागेची आखणी कागदावर आहे. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखवली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. निळ्या आणि लाल रेषांमध्ये ते अटींवर करता येते. या शब्दांचा अर्थ घर घेताना नीट समजून घेतला पाहिजे. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक, एवढी ती शक्यता असते. तीस वर्षे त्या घरात राहायचे असेल, तर त्या काळात असा पूर एकदा तरी पाहावा लागण्याची शक्यता चारांत एक इतकी होते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच हिशेब दहांत सात इतका भरतो. स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला भूखंड पुढच्या पिढीला किती महाग पडेल, हे या दोन आकड्यांत दिसते.

म्हणून पूर ओसरल्यावर मदतीची रांग लावणे जितके आवश्यक, तितकेच कोरड्या दिवसांत काही प्रश्न विचारणेही आवश्यक आहे. आपण घेतो त्या जागेची पूररेषा कोणती? ओढ्यावर, नाल्यावर कुणी भराव घातला आहे का, आणि तो घालणारे आपणच तर नाही? गल्लीतील वृद्ध, आजारी आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी कुणाकडे आहे? पाणी कोणत्या फुटावर आले की त्यांना हलवायचे, हे आधी ठरले आहे का? जनावरांसाठी माळावर चारा-पाण्याची सोय कुठे? सभागृहे, धर्मशाळा आणि शाळा यांपैकी कोणत्या इमारती लाल रेषेच्या बाहेर आहेत? २०१९ मध्ये रस्ते बुडाल्यानंतर निघालेल्यांचे हाल सर्वांत जास्त झाले. वेळेवर घराबाहेर पडणे हे भ्याडपणाचे लक्षण नाही. घरात अडकलेल्याला सोडवायला दुसऱ्या कुणाला तरी आपला जीव धोक्यात घालावा लागतो.

भाद्रपद सरत आला की पाणी ओसरते. घराघरांतून चिखल काढला जातो, ओली पुस्तके उन्हात पसरली जातात, दुकानांच्या फळ्या धुतल्या जातात. मग कुणीतरी खिळा घेऊन भिंतीवर ओलीच्या रेषेशी खूण करतो आणि खाली वर्ष लिहितो. काही घरांच्या भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही खुणा एकावर एक दिसतात. पुढे कधी भिंतीला नवा रंग द्यायची वेळ येते, तेव्हा घरातली जाणती माणसे रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगतात. नातवंडांना दाखवण्यासाठी ती खूण राहिली पाहिजे.